टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन आणि मोडलेलं मनगट

पत्र असं आहे:

‘डॉक्टर मॅडम, नमस्कार. वय ६१. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो, आता सांगली जिल्ह्यात गावीच असतो. बारा वर्षांपासून शुगर आहे. गेल्या महिन्यात मोरीत पाय घसरला, हात टेकला आणि डावं मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलंच कसं म्हणून डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, करायला लावली. टी-स्कोअर कण्याचा उणे २.७ आणि खुब्याचा उणे २.१ आला. त्यांनी वर्षातून एकदा घ्यायचं झोलेड्रोनिक अॅसिडचं सलाइन सांगितलंय. मधल्या काळात जिमला जाणाऱ्या पुतण्यानं माझ्या रक्ताचं पॅकेज करवून घेतलं. त्यात टेस्टोस्टेरॉन २२८ आलं, लाल अक्षरांत. मग शहरातल्या एका पुरुषांच्या क्लिनिकमध्ये गेलो. ते म्हणाले, हार्मोन कमी म्हणून हाडं ठिसूळ झाली, इंजेक्शनांचा कोर्स घ्या, हाडं आपोआप भरतील, सलाइनची गरज नाही. सलाइननं जबडा कुजतो असं मोबाइलवर वाचलं, म्हणून मलाही इंजेक्शनच बरं वाटतं. थकवा असतो, बाकी वयाप्रमाणे. शुगरच्या गोळ्या वर्षभरात दुप्पट झाल्या. गुडघ्यांसाठी बाजारच्या दिवशी येणाऱ्या एकाकडची पुडी चालू आहे, तिनं मात्र खूपच आराम आहे. तर इंजेक्शन घेऊ ना?’

नमस्कार. हाडं भरून निघावीत म्हणून इंजेक्शन घेणार असाल, तर घेऊ नका. सलाइन टाळू नका. आणि पत्राच्या शेवटी ज्या पुडीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, ती मला त्या २२८ आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. म्हणून आधी तिच्याचबद्दल बोलते.

वेष्टन नाही, नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत आणि दोन दिवसांत गुडघा मोकळा, अशी पुडी म्हटली की आमच्या मनात पहिली शंका येते ती स्टेरॉइडची. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनच्या गोळ्या कुटून ‘जडीबुटी’त मिसळल्याची उदाहरणं आपल्या देशात वारंवार सापडली आहेत. तुमच्या पुडीत ते आहेच, असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण तुमच्या पत्रातल्या गोष्टी एकापुढे एक मांडून बघा. गुडघ्यांना झटपट आराम, वर्षभरात दुप्पट झालेल्या शुगरच्या गोळ्या, किरकोळ पडण्यात मोडलेलं हाड, कमी आलेलं टेस्टोस्टेरॉन. स्टेरॉइड हे चारही करू शकतं. ते हाड बांधणाऱ्या पेशींना थोपवतं, आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाणं कमी करतं, शुगर वाढवतं आणि मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूमच दाबून टाकतं, त्यामुळे टेस्टोस्टेरॉनही खाली येतं. हाडाला होणारं नुकसान तर पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सुरू होतं. तेव्हा हार्मोन कमी झालं म्हणून हाडं ठिसूळ झाली, ही क्लिनिकची गोष्ट कदाचित अर्धीच असेल. दोन्ही बिघाडांमागे तिसरंच कुणी असू शकतं.

आरशात बघा: चेहरा गोल, सुजल्यासारखा झालाय का? पोट सुटलंय आणि हातपाय बारीक झालेत, असं आहे का? हातावर जरा काही लागलं की जांभळे डाग उठतात का? खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर राहिला नाही, असं वाटतं का? यातलं काही असेल तर शंका बळावते.

आता हे वाचून आज रात्रीपासून पुडी फेकून देऊ नका. हे वाक्य दोनदा वाचा. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवायचं सोडून देतं. पुडी एकदम बंद केली तर उलट्या, भोवळ, रक्तदाब खाली जाणं असे प्रकार होऊ शकतात, आणि ते जिवावर बेततात. पुडी हातात घेऊन फिजिशियनकडे जा, किती महिने आणि दिवसातून कितीदा घेता ते सांगा. सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात. ते फार कमी आलं तर उत्तर जवळपास मिळालंच. मग ते मोजून-मापून योग्य गोळी देतील आणि ती हळूहळू उतरवतील. मधल्या काळात उलट्या सुरू झाल्या किंवा ताप आला तर थेट दवाखाना गाठा आणि ‘मी बहुतेक स्टेरॉइडवर आहे’ असं तोंडानं सांगा. कागदावर कुठेच नोंद नसल्यामुळे हे डॉक्टरांना आपणहून कळणार नाही.

आता तो २२८.

पॅकेजवाल्या मुलानं घरी येऊन रक्त कधी काढलं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दुपारी, जेवण झाल्यावर काढलं असेल तर तो आकडा मी धरणारच नाही. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि खाल्ल्यावर उतरतं. म्हणून नियम असा, की सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासायचं. शिवाय तुमचं हाड नुकतंच मोडलंय. कुठल्याही मोठ्या आजारात किंवा दुखापतीत शरीर हे हार्मोन आपणहून काही काळ कमी करतं. हाड जुळून, तब्येत सावरून महिना-दोन महिने गेले की मग तपासा. दुसरी गोष्ट वजनाची. पोट सुटलेल्या आणि मधुमेह असलेल्या माणसात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिनच कमी असतं. त्याला एसएचबीजी म्हणतात. त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, पण प्रत्यक्ष कामाला येणारं मोकळं हार्मोन कधीकधी ठीकठाक असतं. दुसऱ्या वेळी एसएचबीजीही करून घ्या.

दोन्ही वेळा कमी आलं तरी लगेच सुई नाही. का कमी आहे, हे आधी शोधायचं. एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणांना हुकूम देणारी मेंदूकडची दोन हार्मोनं, तपासतात. ते वाढलेले असतील तर बिघाड वृषणांत आहे. ते कमी किंवा ‘नॉर्मल’ असतील तर बिघाड वर, मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या बाजूला. मग प्रोलॅक्टिन हे पिट्यूटरीचंच आणखी एक हार्मोन बघायचं, लागलं तर एमआरआय. घोरण्याचा आजार, दुखण्यावरच्या अफूच्या जातीच्या गोळ्या, आणि आपली ती स्टेरॉइडची शंका, हे सगळे याच गटात येतात. स्टेरॉइड उतरवलं, वजन थोडं घटलं, की पुष्कळांचं टेस्टोस्टेरॉन सुईशिवाय वर येतं. पॅकेजच्या रिपोर्टवर लाल शाई बघून थेट कोर्स लिहून देणाऱ्यानं यातलं काय विचारलं होतं, ते आठवून बघा.

‘बाकी वयाप्रमाणे’ असं तुम्ही लिहिलंय. बाई डॉक्टरला लिहायचं म्हणून संकोचला असाल, मी समजू शकते. पण उपचार ठरतो तो इथेच. इच्छा कमी झालीय का, सकाळी उठताना ताठरता येते का, दाढी पूर्वीपेक्षा सावकाश वाढते का, हे डॉक्टरांना नीट सांगा. फक्त संबंधाच्या वेळी अडचण येत असेल आणि इच्छा शाबूत असेल, तर मधुमेहात दोष बहुतेकदा रक्तवाहिन्या आणि नसांचा असतो. त्यावर टेस्टोस्टेरॉन उपयोगी पडेलच असं नाही. उलट तेव्हा हृदयाची तपासणी करून घ्यावी, कारण तिथल्या बारीक वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांच्या आधी तक्रार करतात.

आता मूळ प्रश्न. टेस्टोस्टेरॉननं हाडं भरतात का?

क्लिनिकवाला हवेत बोलत नव्हता. पुरुषाच्या हाडाला टेस्टोस्टेरॉन लागतंच. गंमत अशी, की त्यातलं बरंचसं काम इस्ट्रोजेन करतं, ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि हाडाची झीज तो रोखून धरतो. १९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका तरुणाची हकीकत छापली. त्याचं टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, पण जनुकातल्या दोषामुळे त्याच्या शरीराला इस्ट्रोजेन जाणवतच नव्हतं. त्याची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती, हाडांची वाढीची टोकं त्या वयातही जुळलेली नव्हती आणि हाडं ठिसूळ होती. तुमच्या पुतण्याला हे आवर्जून सांगा. जिममधली काही मुलं टेस्टोस्टेरॉन टोचतात आणि छाती वाढू नये म्हणून सोबत इस्ट्रोजेन अडवणाऱ्या गोळ्याही खातात. म्हणजे हाडाचा राखणदारच हाकलून लावतात. आणि बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. त्याचं लग्न व्हायचं असेल, तर तुमच्या रिपोर्टपेक्षा त्यानं स्वतःची काळजी करावी.

तर, स्कॅनवर फायदा दिसतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ६५ वर्षांवरच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या २११ पुरुषांना एक वर्ष जेल दिलं होतं, काहींना खरं, काहींना औषध नसलेलं नुसतंच. खऱ्या जेलवाल्यांच्या कण्याच्या आतल्या जाळीदार हाडाची घनता साडेसात टक्क्यांनी वाढली. नुसत्या जेलवाल्यांची एक टक्कासुद्धा नाही. हे वाचून सगळ्यांना वाटलं, झालं, आता फ्रॅक्चरही कमी होणार. पण २११ माणसं आणि एक वर्ष, एवढ्यात फ्रॅक्चरचा निकाल लागत नाही.

तो निकाल लागला २०२४च्या जानेवारीत. ट्रॅव्हर्स नावाच्या प्रयोगात ४५ ते ८० वयाचे पाच हजारांहून जास्त पुरुष होते. सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन उपाशीपोटी दोनदा तपासून ३००च्या खाली आलेलं, आणि सगळ्यांना हृदयविकार होता किंवा त्याचा धोका जास्त होता. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनचं जेल, निम्म्यांना नुसतं. सुमारे तीन वर्षांत टेस्टोस्टेरॉनच्या गटात ९१ जणांची हाडं मोडली, दुसऱ्या गटात ६४ जणांची. टक्क्यांत म्हणाल तर साडेतीन आणि जेमतेम अडीच. म्हणजे कमी होणं बाजूलाच राहिलं, थोडी जास्तच मोडली.

तुम्ही सांगलीकडचे, तुम्हाला हे पटकन कळेल: नदीकाठचा बांध टेपानं मोजून उंच भरला, म्हणून पुरात तो टिकतोच असं नाही. घनता ही टेपवरची उंची आहे. फ्रॅक्चर हा पूर. ट्रॅव्हर्समध्ये फरक सुरुवातीच्या काळातच दिसू लागला, म्हणून काही तज्ज्ञांचा अंदाज असा, की हुरूप आल्यावर ही माणसं जास्त हिंडू-फिरू लागली, जोरकस कामं करू लागली आणि पडली. पण कारण काहीही असो, ‘इंजेक्शन घ्या, सलाइन नको’ असं म्हणायला त्या आकड्यांत जागा नाही.

इथे एक भेद मात्र करायला हवा. ट्रॅव्हर्समधल्या माणसांचं टेस्टोस्टेरॉन मध्यम कमी होतं आणि ठिसूळ हाडं आहेत म्हणून त्यांना निवडलेलं नव्हतं. ज्या तरुणाच्या पिट्यूटरीत गाठ आहे, ज्याला जन्मतः क्लाइनफेल्टर सिंड्रोम (एक्स गुणसूत्र जास्तीचं असण्याचा दोष) आहे, ज्याचं टेस्टोस्टेरॉन शंभराच्याही खाली आहे, त्याला ते द्यायलाच हवं, हाडांसाठीसुद्धा. अशा कुणाच्या घरी हे सदर वाचलं जात असेल तर कृपया औषध थांबवू नका. तुमची गोष्ट वेगळी आहे.

तुमचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी निघालं, लक्षणंही जुळली आणि बाकी कारणं आवरूनही ते वर आलं नाही, तर घ्या की, माझी ना नाही. इच्छा आणि उत्साह यांना त्याचा उपयोग होतो, रक्त कमी असेल तर तेही वाढतं. मात्र ते सलाइनच्या सोबत, त्याच्या जागी नाही. आधी पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी आणि प्रोस्टेटची तपासणी हवी. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्ताचा दाटपणा बघायचा, तो ५४च्या वर गेला तर औषध थांबवायचं. मागच्या काही महिन्यांत हार्ट अॅटॅक किंवा पक्षाघात झालेला नसावा. ट्रॅव्हर्समध्ये हार्ट अॅटॅक वाढले नाहीत ही चांगली बातमी, पण हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी जाणं हे थोडं जास्त दिसलं. जेल लावणार असाल तर जागा कपड्यानं झाकायची आणि हात साबणानं धुवायचे. नातवंडं अंगाखांद्यावर खेळतात आणि जेल त्यांच्या कातडीतून आत जातं.

आता ते सलाइन, ज्याला तुम्ही घाबरलात.

झोलेड्रोनिक अॅसिड हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालतं. याची परीक्षा खास पुरुषांवर झालेली आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ठिसूळ हाडांचे ११९९ पुरुष होते. दोन वर्षांत नुसतं सलाइन घेतलेल्यांपैकी ४.९ टक्क्यांच्या कण्यात नवं फ्रॅक्चर झालं, औषध घेतलेल्यांपैकी १.६ टक्क्यांच्या. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्यांतही आणि नसलेल्यांतही ते लागू पडलं. तुमच्यासारख्याला नेमकं हेच हवं.

जबड्याचं म्हणाल तर तो त्रास खरा आहे, पण जो बोभाटा झालाय तो मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांमुळे. त्यांना हेच औषध दर महिन्याच्या आसपास दिलं जातं. वर्षातून एकदा पाच मिलिग्रॅम घेणाऱ्यात तो फार क्वचित होतो. तरीही आधी दंतवैद्याकडे जाऊन या. किडलेला दात काढायचा असेल तर सलाइनच्या आधी काढा आणि हिरडी भरू द्या. तंबाखू मळत असाल तर ती तोंडासाठीच सोडा. आणि हो, त्यातला चुना कॅल्शियममध्ये धरायचा नाही, मला हे खरंच विचारलं जातं.

सलाइनआधी दोन तपासण्या चुकवायच्या नाहीत. एक क्रिएटिनिन, कारण बारा वर्षांच्या मधुमेहात किडनी थकलेली असू शकते आणि ती फार थकली असेल तर हे औषध चालत नाही, दुसरं निवडावं लागतं. दुसरी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम. ड फार कमी असताना सलाइन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊ शकतं. कमी असेल तर साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, मग महिन्याला एक, असं सहसा देतात. लोक ती आठवड्याला एक अशी वर्षानुवर्षं घेत राहतात, तसं करू नका, जास्त झालं की तेही बाधतं. सलाइनच्या दिवशी भरपूर पाणी प्या. पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी होते, पॅरासिटामॉल घ्या, दोन-तीन दिवसांत ओसरते. पुढे कधी मांडीत किंवा जांघेत कारण नसताना दुखू लागलं तर सांगा, अंगावर काढू नका.

हाडांच्या डॉक्टरांना आणखी एक विनंती करा: पाठीच्या कण्याचा बाजूनं एक साधा एक्स-रे. मणका दबून फ्रॅक्चर होतं तेव्हा पुष्कळदा दुखतही नाही, माणूस फक्त बुटका होतो. एसटीत भरती होताना तुमची उंची नोंदवली असेल. आज भिंतीला टेकून मोजा. चार सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल, किंवा जुनी पॅन्ट अलीकडे जमिनीला लागत असेल, तर हा एक्स-रे हवाच.

खाण्यात दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम भरायला हवं. पेलाभर दुधात साधारण अडीचशे असतं, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. तुमच्याकडे ज्वारीची भाकरी असते, ती सोडू नका, पण आठवड्यातून काही दिवस नाचणीची करा. दूध, दही, ताक, तीळ हे जोडीला. डाळ-उसळ किंवा अंडी रोज हवीत, कारण नुसत्या कॅल्शियमवर हाड उभं राहत नाही. प्लास्टर निघाल्यावर रोज चाला, आणि खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करायचा सराव ठेवा. मांड्यांत जोर असला की तोल गेला तरी माणूस सावरतो.

मोरीत खरबरीत फरशी किंवा रबरी जाळी टाका, भिंतीला धरायला दांडा बसवा, रात्री दिवा राहू द्या. पुरुषाचा खुबा मोडला तर पहिल्या वर्षात दगावण्याचा धोका बायकांपेक्षा जास्त असतो, आणि मनगटानंतर खुब्याचा किंवा मणक्याचा नंबर लागतो, हे आम्ही रोज बघतो. गवंड्याला मी म्हणेन उद्याच बोलवा.

क्लिनिकला कोर्सचे पैसे आगाऊ दिले असतील तर परत मागा. नाही मिळाले तरी ते वसूल व्हावेत म्हणून सुई टोचून घेऊ नका. झोलेड्रोनिक सलाइन साधारण तीन वर्षं, मग थांबून पुन्हा विचार करायचा. पुढची डेक्सा दीड-दोन वर्षांनी, आणि ती याच केंद्रात, याच मशिनवर करा, नाहीतर दोन आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.